निर्वासिताचे सामान : कायद्याने काय मोजले आणि काय नाही

मी पूर्व विदर्भातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा ह्या भागांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. तिथला एक विद्यार्थी प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे आला. हातात आजोबांचे जुने कागद. म्हणाला, "सर, आम्ही नमशूद्र. बंगालमध्ये आमच्या नातेवाइकांना अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. आम्हाला इथे का मिळत नाही? आजोबा सांगायचे, सीमेवर बोचके सोडून सगळे दाखवावे लागले. भांडी मोजली, पैसे मोजले. जात तेवढी कोणी लिहून घेतली नाही."

माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. जातीचा दाखला नसता तर मी ह्या खुर्चीवर बसलो नसतो. म्हणून त्याच्या प्रश्नाला 'तहसीलदाराकडे जा' एवढे उत्तर देऊन मला मोकळे होता येईना. बोचके सोडून दाखवावे लागले म्हणजे नेमके कोणत्या नियमाने, हे मी शोधू लागलो. जे सापडले ते कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माहीत असावे असे वाटते.

एका देशातून दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्याच्या घरसामानावर जकात घेऊ नये, हे तत्त्व जवळजवळ सर्वत्र मान्य आहे. त्यासाठी अधिकारी साधारण तीन गोष्टी पाहतो. वस्तू त्याच्या स्वतःच्या आहेत का? वापरलेल्या आहेत का? विकण्यासाठी तर आणल्या नाहीत ना? आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे ७९ वे कलम ह्याच धर्तीचे आहे. कारागिरांचाही विचार नियमांत आढळतो. १९९८ च्या प्रवासी सामान नियमांत 'व्यावसायिक साधने' ह्या शब्दांची व्याख्या करताना सुतार, नळकारागीर, वेल्डर, गवंडी ह्यांची नावे घातली होती.

परंतु हे नियम घर बदलणाऱ्यासाठी आहेत. निर्वासित घर बदलत नाही, तो घर सोडून पळतो. त्याच्याजवळ खरेदीच्या पावत्या नसतात. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराने ह्याचा थोडा विचार केला. त्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे निर्वासितावर नागरिकांपेक्षा जास्त कर लादता येत नाहीत. ३० व्या कलमाप्रमाणे त्याने सोबत आणलेली मालमत्ता पुढे कायमच्या वसतीच्या देशात नेऊ द्यावी लागते. भारताने ह्या करारावर सही केलेली नाही. शिवाय आपल्याकडचा प्रश्न त्याच्या एक वर्ष आधीच उभा राहिला होता.

१९५० च्या आरंभी पूर्व बंगालमध्ये दंगली उसळल्या. त्याआधी, १९४९ च्या डिसेंबरात, खुलना जिल्ह्यातल्या काळशिरा भागात नमशूद्रांच्या वस्त्यांवर अत्याचार झाले होते. लोकांचे लोंढे दोन्ही बाजूंना वाहू लागले. ८ एप्रिल १९५० रोजी दिल्लीत नेहरू आणि लियाकत अली खान ह्यांनी करार केला. पूर्व बंगाल, पश्चिम बंगाल, आसाम आणि त्रिपुरा इथल्या स्थलांतरितांच्या सामानाचे नियम त्यात आहेत. ते असे :

स्थलांतरिताला वैयक्तिक चीजवस्तू आणि घरसामान हवे तेवढे नेता येईल. अंगावरचे व घरचे स्वतःचे दागिने त्यात धरले जातील. रोख रक्कम मात्र प्रौढ माणसाला १५० रुपये आणि मुलाला ७५ रुपये, ह्याहून जास्त नेता येणार नाही. जे दागिने किंवा पैसे न्यायचे नसतील ते बँकेत ठेवून पावती घ्यावी. जकात अधिकाऱ्यांनी कोणाचा छळ करू नये, आणि तसे होत नाही हे पाहण्यासाठी ठरवलेल्या प्रत्येक नाक्यावर दुसऱ्या देशाचा संपर्क अधिकारी असावा.

छळ करू नये असे दोन पंतप्रधानांना लिहावे लागते, ह्याचा अर्थ छळ होत होता. तो थांबवायचा प्रयत्न ह्या करारात आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही ही कलमे वाचताना डोळ्यांपुढे कोणता माणूस उभा राहतो? दागिने असलेला, बँकेची पावती सांभाळणारा. नमशूद्रांतला बहुसंख्य समाज शेतात राबणारा, होडी चालवणारा, मासे धरणारा. त्याची दौलत म्हणजे बैल, होडी, जाळे आणि कसायची जमीन. कराराच्या शब्दांत घरसामान आहे, दागिने आहेत. बैल, नांगर, होडी ह्यांचा उल्लेखही नाही.

जमिनीबद्दल करार म्हणतो की स्थलांतरिताचा मालकीचा आणि वहिवाटीचा हक्क अबाधित राहील. तो ३१ डिसेंबर १९५० पर्यंत परतला तर मालमत्ता त्याला परत मिळेल. परतला नाही तरी मालकी त्याचीच, ती विकण्याचा अधिकारही त्याचा. पण ज्याच्या नावावर जमीन नाही आणि वहिवाटही नोंदलेली नाही, अशा वाट्याने शेती करणाऱ्याला ह्यातून काय मिळणार? ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचीही पुढे फसवणूकच झाली. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९५४ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. पूर्वेकडच्यांची मालकी करारानुसार 'अबाधित' होती, म्हणून त्यांना त्या भरपाईत जागा मिळाली नाही. आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने तीच मालमत्ता 'शत्रूची मालमत्ता' म्हणून ताब्यात घेतली.

हे झाले सामानाचे. दलितांच्या बाबतीत मात्र सामानाबरोबर माणूसही अडवून ठेवण्यात आला होता, हे विसरता येत नाही. १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना भारतात येऊ देत नाही, भंगीकाम करणाऱ्यांना अत्यावश्यक सेवेतले ठरवून एक महिन्याच्या सूचनेशिवाय सोडायला तयार नाही, अशी तक्रार त्यांनी त्यात केली. त्या काळात सधन माणसाचे बोचके सीमेवर तपासले जात होते. सफाई कामगार तर सीमेपर्यंत पोचूच शकत नव्हता. त्याचे श्रम हे शहराला लागणारे सामान होते आणि ते बाहेर जाऊ द्यायचे नव्हते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. दिल्ली करार झाला एप्रिल १९५० मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. जातींच्या याद्या राज्यवार झाल्या. पश्चिम बंगालच्या यादीत नमशूद्र आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले. पण ह्या लोकांना महाराष्ट्रात सरकारनेच आणून वसवले. राज्य त्यांनी निवडले नाही. जातीमुळे भोगलेली हलाखी त्यांच्याबरोबर आली, त्या हलाखीवरचा उपाय राज्याच्या सीमेवर राहिला.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, वाटेकरी वाढतील. ही भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. जागा कमी आहेत आणि प्रत्येक जागेमागे एक घर उभे आहे. पण १९४६ साली मुंबई प्रांतातून वाट बंद झाली तेव्हा बाबासाहेब संविधान सभेवर बंगालमधून निवडून गेले. त्यासाठी झटले ते जोगेंद्रनाथ मंडल, नमशूद्र समाजाचे पुढारी. तेच मंडल पुढे पाकिस्तानचे कायदामंत्री झाले आणि ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेचे दार उघडून दिले, त्याची नातवंडे आपल्या दाराशी कागद घेऊन उभी आहेत. त्यांना वाटेकरी म्हणायचे की सोबती, हे आपण ठरवायचे आहे.

मार्ग आहे. संविधानाच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे यादी बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, पण त्याची सुरुवात राज्य सरकारच्या शिफारशीने होते. शिफारशीला पुरावा लागतो. घराघरांतल्या पेट्यांत स्थलांतराची प्रमाणपत्रे, छावण्यांचे कागद कुजत पडले आहेत. त्यांच्या प्रती काढल्या पाहिजेत. म्हाताऱ्या माणसांच्या हकिकती तारखांसह लिहून घेतल्या पाहिजेत. हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी एका सुट्टीत करू शकतात.

त्या मुलाला मी दाखला मिळवून देऊ शकलो नाही. तो खुल्या वर्गातून, पूर्ण फी भरून शिकतो आहे. त्याच्या आजोबांचे कागद मात्र आम्ही दोघांनी बसून वाचले, क्रम लावला, यादी केली. सीमेवरच्या अधिकाऱ्याने जी यादी केली नाही, तिची सुरुवात निदान त्या टेबलावर झाली.