मुलांचे शिक्षणासाठी घर सोडणे आणि पालकांची भावावस्था : एक आकलन

प्रस्तावना

बारावीचा निकाल, प्रवेशफेऱ्या आणि शुल्काची जुळवाजुळव या धावपळीत पावसाळ्याचे पहिले दोन महिने संपतात आणि एके दिवशी घरातील मुलगा किंवा मुलगी पेटी, गादीची वळकटी व कागदपत्रांची फाईल घेऊन पुण्यास, लातूरला किंवा नागपूरला रवाना होते. या घटनेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने विद्यार्थ्याच्या बाजूने झालेला आहे. वसतिगृहातील समायोजन, घरची ओढ, अभ्यासाचा ताण यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मागे राहिलेल्या आईवडिलांच्या मनात काय घडते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात या भावावस्थेचे स्वरूप ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्रातील कुटुंबांच्या संदर्भात समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

'रिकामे घरटे' : संकल्पना आणि मर्यादा

मुले घराबाहेर पडल्यावर पालकांना जाणवणाऱ्या उदासीनतेस पाश्चात्त्य मानसशास्त्रात 'एम्प्टी नेस्ट सिंड्रोम' असे म्हटले जाते. मराठीत त्यास 'रिकाम्या घरट्याचा लक्षणसमूह' म्हणता येईल. नावात लक्षणसमूह असला तरी अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान नाही. ही अवस्था सर्वांनाच त्रासदायक ठरते असेही नाही. गॉर्चॉफ, जॉन व हेल्सन या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १८ वर्षांच्या अभ्यासात, मुले घराबाहेर पडल्यानंतर मध्यमवयीन स्त्रियांचे वैवाहिक समाधान वाढल्याचे आढळले. पतीसोबतचा वेळ अधिक आनंददायी वाटू लागणे, हे त्याचे कारण होते.

तथापि हा अभ्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या स्त्रियांचा होता. आपल्याकडील शेतकरी कुटुंबात घरटे सहसा रिकामे होतच नाही. सासू-सासरे असतात, धाकटी भावंडे असतात, गोठा असतो. तेथे जाणवते ती एका विशिष्ट माणसाची उणीव. बँकेतील अर्ज भरणारा, मोबाईलवरील संदेश वाचून दाखवणारा, आजीच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवणारा मुलगा जातो तेव्हा घरातील एक प्रौढ जबाबदारीच निघून जाते. त्यामुळे 'रिकामे घरटे' हा शब्द आपल्या परिस्थितीस अपुरा पडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांची 'संदिग्ध हानी' ही संकल्पना येथे अधिक उपयुक्त ठरते. १९७० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांनी ती विकसित केली. माणूस देहाने दूर आणि मनाने घरातच, अशा स्थितीत शोकाला निश्चित आरंभ-अंत मिळत नाही. महाविद्यालयात गेलेल्या मुलाची तुलना बेपत्ता सैनिकाशी करणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. परंतु चार माणसांच्या अंदाजाने पीठ मळणाऱ्या आईच्या हातास ती संदिग्धता कळत असते.

पाठवणीची परंपरा आणि नवी ताटातूट

मराठी संस्कृतीने एका ताटातुटीची फार सखोल दखल घेतली आहे. ती म्हणजे लेकीची सासरी पाठवणी. हेमा राईरकर व गी पॉयटेव्हिन यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांत लेक, माहेर आणि आईची माया हे विषय वारंवार येतात. पाठवणीत आईने रडणे सर्वमान्य आहे; किंबहुना न रडणाऱ्या आईबद्दलच कुजबुज होते.

शिक्षणासाठी निघालेल्या मुलासाठी असा विधी नाही. देवास नमस्कार, हातावर दही आणि 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची रीत, एवढेच. शुभकार्यास निघालेल्या मुलासमोर डोळ्यांत पाणी आणू नये, असा घरातील वडीलधाऱ्यांचा दंडक असतो. गावात पेढे वाटले गेलेले असतात. ज्या प्रसंगाबद्दल अभिनंदन होत आहे, त्याच प्रसंगाचे दुःख कोणास सांगावे, ही पालकांची खरी कोंडी होय.

मुलगी निघाली असेल तर ही कोंडी अधिक गुंतागुंतीची होते. पूर्वी तिचे घराबाहेर पडणे विवाहानेच होई. आता महाविद्यालय ही तिची पहिली पाठवणी ठरते. शिक्षण अर्धवट राहिलेल्या आईला तिच्यात स्वतःचे राहून गेलेले आयुष्य दिसते. त्यातच भाऊबंदांचे टोमणे आणि सुरक्षिततेची चिंता असते. अभिमान, भीती आणि किंचित हेवा या तिन्ही भावना एकाच वेळी मनात असू शकतात. यांतील हेव्याचा उच्चार मात्र कोणतीही आई करणार नाही.

आपल्या शैक्षणिक इतिहासातही पालकांची ही बाजू ठळकपणे येत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेले मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह, कर्मवीर भाऊराव पाटील यांचे १९२४ मधील साताऱ्याचे वसतिगृह, १९५५ मध्ये पुण्यात स्थापन झालेली विद्यार्थी सहायक समिती यांनी खेड्यांतील मुलांना निवारा दिला. वसतिगृहासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने दिले, हे आपण आदराने सांगतो. पोर तेथे सोडून रिकाम्या हातांनी पायवाटेने परतलेल्या आईबापांविषयी मात्र फारसे सांगितले जात नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये शिक्षणासाठी दूर गेलेला श्याम आहे. पण तेथेही आईचे मन आपल्यापर्यंत पोहोचते ते मुलाच्या आठवणीतूनच.

डबा आणि भ्रमणध्वनी

ग्रामीण महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलास सकाळच्या एस.टी.ने डबा पाठविण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. डब्यावर नाव कोरलेले असे. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत येई. त्यात भाकरी उरलेली दिसली की पोर आजारी आहे की कोणाशी भांडले, याचा तर्क घरी सुरू होई. मायेस तेथे रोजचे ठरलेले काम होते. काळजी करण्यापेक्षा काळजी घेणे मनास सोपे जाते.

आज भ्रमणध्वनीवर मुलाचा चेहरा दिसतो. पण 'जेवलास का?' या प्रश्नास 'हो' हेच उत्तर येते आणि ते पडताळून पाहण्याचे साधन उरत नाही. संपर्क वाढला तसा करण्याजोगा भाग कमी झाला. शिवाय फोन उचलला गेला नाही, तर पूर्वी पत्राच्या काळात आठ दिवसांत न वाटलेली धास्ती आता अर्ध्या तासात वाटते.

वडिलांचे मौन

आईच्या भावनांस निदान शेजारणीपाशी वाट मिळते. वडिलांची भावना बहुधा व्यवहाराच्या भाषेत व्यक्त होते. 'पैसे पोहोचले का?', 'मेसचे जेवण बरे आहे का?' एवढ्यात त्यांचा फोन संपतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, गहाण टाकलेले दागिने यांची वाच्यता मुलापाशी न करण्याचा कटाक्ष असतो. मुलगा या त्रोटकपणास कोरडेपणा समजतो.

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात असे अनेक वडील दिसतात. शुल्काची पावती मिळाल्यावर त्यांचे काम संपलेले असते, तरी ते लगेच निघत नाहीत. सूचनाफलक पुन्हा वाचतात, शिपायास वसतिगृहातील पाण्याची वेळ विचारतात. एकाने तर वर्ग कोठे भरतो तेवढे दाखवा, अशी विनंती केली. वर्ग रिकामा होता. ते दारातून क्षणभर पाहून, खिडक्यांना गज आहेत का याची खात्री करून गेले. आपण शिक्षक त्यांना घाईने 'आता काळजी करू नका' असे सांगतो. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात पालकांसाठी तासाभराची बैठक घेऊन वर्ग, खानावळ व वसतिगृह दाखविणे, आजारपणात कोणास फोन करावा हे लेखी देणे फारसे खर्चिक नाही.

यानंतरचा टप्पा दिवाळीच्या सुटीत येतो. मुलगा घरी येतो, आई त्याच्या आवडीचे करते आणि त्याला आता तिखट कमी लागते हे तिला प्रथमच कळते. सुटी संपत आली की तो सहज म्हणतो, 'परवा घरी जायला हवे, सोमवारी प्रात्यक्षिक आहे.' 'घरी' हा शब्द त्याने खोलीसाठी वापरला, हे त्याच्या लक्षातही येत नाही. आई काही न बोलता चिवड्याचा डबा भरू लागते.