ग्रामीण घरांतील दिव्यांची निवड : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्यातील तालुके घोड, भीमा व कालव्यांच्या पाण्यावरील ऊसशेतीसाठी परिचित आहेत. जेथे घरे आणि कृषिपंप एकाच रोहित्रावर असतात, तेथे पंप सुरू होताच घरातील दाब उतरतो. त्यामुळे वाडीवस्तीवरील दिव्याची निवड केवळ शहरी निकषांवर करता येत नाही.

ग्राहक दिवा घेताना प्रथम वॅट पाहतो. वस्तुतः वॅट हे वीजखर्चाचे माप होय. प्रकाशाचे माप ल्युमेन. 60 वॅटचा तारेचा बल्ब सुमारे 700 ल्युमेन प्रकाश देतो. बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तेवढा प्रकाश 7 ते 9 वॅटच्या एलईडी दिव्यातून मिळतो. रोज पाच तासांच्या वापरास पहिला वर्षाला सुमारे 110 युनिट घेतो, 9 वॅटचा एलईडी 16. घरगुती वीजदराचा पहिला टप्पा मासिक 100 युनिटांचा असल्याने, त्या सीमेवरील कुटुंबाची बचत महागड्या युनिटांतच होते.

या हिशेबात ‘झिरो’च्या बल्बकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नाव शून्याचे असले तरी हा छोटा तारेचा बल्ब 12 ते 15 वॅट घेतो. देवघरात वा ओसरीवर तो रात्रभर, दहा तास जळाला, तर 15 वॅटप्रमाणे वर्षाला सुमारे 55 युनिट होतात; म्हणजे बैठकीच्या खोलीतील 9 वॅटच्या दिव्याच्या तिपटीहून अधिक! बदलाचा आरंभ येथूनच करणे शहाणपणाचे. अर्ध्या वॅटचा एलईडी तेच काम दोन युनिटांहून कमी विजेत करतो.

आता दाबाचा प्रश्न. दाब 10 टक्क्यांनी उतरला की तारेच्या बल्बचा प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. चोकवरील ट्यूब तर अधिक उतरलेल्या दाबात पेटतच नाही, नुसती लपलपते. सायंकाळी अभ्यासास बसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही बाब गौण नाही. एलईडीतील चालक-मंडल चांगल्या प्रतीचे असेल, तर दाब बराच उतरूनही प्रकाश स्थिर राहतो. तेव्हा खोक्यावरील दाबाची कक्षा अवश्य वाचावी. 220–240 व्होल्ट एवढेच छापलेला दिवा अशा वस्तीस उपयोगी नाही. पंप बंद होताना दाब एकाएकी उसळतो व स्वस्त दिव्याचे मंडल जळते. अशा वेळी हमीची मुदत आणि पावती हाच ग्राहकाचा आधार.

5 जानेवारी 2015 रोजी देशपातळीवर सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एलईडीची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. त्यापूर्वीचे सीएफएल अजून काही घरांत आहेत. त्यात अल्प प्रमाणात पारा असल्याने फुटलेला दिवा शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नये. ओसरीसाठी 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश घ्यावा. पावसाळ्यात त्यावर पांढऱ्याच्या तुलनेने किडे कमी येतात.