घरात कोण कोण राहतं?

माझी मावसबहीण अमेरिकेत एका सरकारी गृहनिर्माण कार्यालयात अर्ज तपासते. तिथल्या 'सेक्शन ८' योजनेत गरीब कुटुंबानं उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं स्वतः भरायचं, बाकीचं ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकार घरमालकाला देतं. आता उत्पन्न कमी दाखवलं की आपला वाटा कमी, मग मोह होणारच हो! आणि इकडे रांगेत खरे गरजू वर्षानुवर्षं ताटकळलेले.

२०१०पासून अर्जातली माहिती पगार, बेकारभत्ता, पेन्शन यांच्या सरकारी नोंदींशी संगणकावर ताडून बघणं सक्तीचं झालं. "पण ताई, नोंद म्हणजे निकाल नव्हे," ती म्हणते. कधी नोंद सुटलेल्या नोकरीचीच असते. म्हणून नुसत्या तेवढ्यावर मदत तोडता येत नाही. आधी बाईला विचारायचं, कागद बघायचे.

संगणकाला न दिसणारी गोष्ट म्हणजे न दाखवलेला नवरा. त्याची कमाई घरात येते, अर्जावर मात्र ती एकटी. सही तिची, म्हणून पकडलं की जादा मिळालेले पैसे तिनंच फेडायचे, वर डोक्यावरचं छप्पर जायची भीती. वेळेत कळवलं तर बहुतेकदा तिचा वाटा तेवढा वाढतो.

म्हणून बहीण हल्ली सहीआधी तो प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवते, "घरात कोण कोण राहतं?" परवा एकीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "थांबा, दुसरा फॉर्म द्या."