पिझ्झा भाजेपर्यंतचा वेळ

अमेरिकेत ‘चक ई. चीज’ म्हटलं की पिझ्झा, खेळांची यंत्रं आणि माणसाएवढा उंदीर डोळ्यांपुढे येतात. पण या साखळीचा इतिहास चाळला तर यातलं काहीच तिने शोधलेलं नाही, हे लक्षात येतं. पिझ्झा जागोजागी मिळत होता, यंत्रं बारमध्ये होती आणि बोलणारी-गाणारी यांत्रिक पात्रं डिस्नेलँडच्या ‘एन्चान्टेड टिकी रूम’मध्ये १९६३पासून लोकांना रिझवत होती. नोलन बुशनेल यांनी मे १९७७मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे ‘पिझ्झा टाइम थिएटर’ उघडलं, त्यात नवी गोष्ट एकच होती. मूल खेळत असताना आईबापांनी त्याच छपराखाली बसून राहावं, यासाठी त्यांना एक कारण मिळालं. या धंद्याचा जीव त्या बसून राहण्यात आहे, खेळांत नाही, असं माझं मत आहे.

अशा कारणाची तेव्हा फार गरज होती. नाणं टाकून खेळायच्या यंत्राकडे अमेरिकी शहरं संशयानेच बघत होती. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२मध्ये पिनबॉलवर बंदी घातली आणि ती उठायला १९७६ साल उजाडलं. टेक्सासमधल्या मेस्किट शहराने तर १७ वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय ही यंत्रं खेळायला मनाई केली होती; तो वाद १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बुशनेल हे ‘अटारी’ कंपनीचे सहसंस्थापक. त्यांचा ‘पाँग’ हा खेळ १९७२मध्ये पहिल्यांदा मांडला गेला तोही सनीव्हेलमधल्या एका बारमध्येच. कंपनीला यंत्राची किंमत एकदाच मिळे, रोजची नाणी मात्र यंत्र मांडणाऱ्याकडे जात. ती नाणी हवीत तर जागा स्वतःची हवी, आणि मुलं हवीत तर पालकांना पटेल अशी जागा हवी. पिझ्झाच का, याचं उत्तर बुशनेल यांनी पुढे मुलाखतींतून दिलं आहे: जिन्नस थोडे, बिघडायची भीती कमी आणि भाजायला वेळ लागला तरी गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. तेवढ्या वेळात मुलांच्या हातातली टोकन संपत. मोठ्यांना धरून ठेवायचं काम पात्रांकडे होतं. सुरुवातीचा चक ई. चीज उंदीर सिगार हातात धरून न्यू जर्सीच्या ढंगात बोलायचा, आणि जेवणाच्या टेबलांवरच्या भिंतीतल्या चौकटींतून ही मंडळी जे विनोद करत ते बरेचसे मोठ्यांसाठी असत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १९८३मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि मार्च १९८४मध्ये ‘पिझ्झा टाइम थिएटर’ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे जीव खेळांतच होता ना? पण तिला विकत घेतलं कोणी, हेही पाहायला हवं. रॉबर्ट ब्रॉक या हॉटेल व्यावसायिकाने १९८०मध्ये कॅन्सस सिटीत सुरू केलेली ‘शोबिझ पिझ्झा प्लेस’ ही त्याच बेतावरची साखळी होती. त्याच मंदीचे फटके खाऊन ती उभी राहिली. पुढे एकत्र झालेल्या साखळीने जी ओळख कमावली ती तर थेट पालकांच्या भरवशाची आहे. दारात मुलाच्या आणि सोबतच्या मोठ्या माणसाच्या हातावर एकाच आकड्याचा न दिसणारा शिक्का मारतात. निघताना दोन्ही हात जांभळ्या दिव्याखाली धरायचे. आकडा जुळला तरच मूल बाहेर सोडतात. एवढी खबरदारी कोणी खेळाचं यंत्र विकण्यासाठी घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: खेळून तिकिटं मिळतात, तिकिटांवर खेळणं मिळतं, म्हणजे ही जुगाराची शिशुशाळाच. तो मी झटकून टाकणार नाही. २०२०च्या दिवाळखोरीत कंपनीने सुमारे ७ अब्ज छापील तिकिटं नष्ट करायची परवानगी न्यायालयाकडे मागितली. ती सगळी वटवली असती तर जेमतेम ९० लाख डॉलरची बक्षिसं द्यावी लागली असती. म्हणजे हजार तिकिटांना साधारण सव्वा डॉलर. लहान मुलाला हा हिशेब कळत नाही आणि तो त्याला कळू न देण्यावर धंदा चालतो, हे मला खटकतं. पण तो समजावून सांगणारं माणूस चार पावलांवर बसलेलं असणं, हाच त्यावरचा उपाय आहे. पालक उठून गेले की ही जागा नुसता अड्डा उरते.

म्हणूनच २०१७पासून पात्रं काढून मंच मोकळे करायचा निर्णय मला चुकीचा वाटतो. लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिजसारख्या मोजक्याच शाखांत ती राखली आहेत. मुलं आता पडद्यांना सरावली, हे कंपनीचं म्हणणं खरं असेलही. पण ती पात्रं मोठ्यांसाठीही होती, आणि त्यांच्या जागी मोठ्यांच्या हातात आता मोबाईल आला आहे. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये तर खेळ एकीकडे आणि फूड कोर्ट दुसरीकडे, असंच बरेचदा दिसतं; कार्डात पैसे भरायचे, मूल आत सोडायचं आणि खरेदीला निघायचं. नवे गेम झोन आखणाऱ्यांनी नकाशावर आधी टेबलं मांडावीत, आणि प्रत्येक टेबलावरून यंत्रापाशी उभं असलेलं मूल दिसेल असं पाहावं.