चाकाखालची वाळू कुठून आली?

अमेरिकेच्या युटा राज्यात, आग्नेय कोपऱ्यात मोॲब नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या पूर्वेला डोंगरावर चढून गेलं की उघड्या खडकावर पांढऱ्या रंगाच्या तुटक रेघा मारलेल्या दिसतात. ना माती, ना डांबर. नुसता केशरी-पिवळसर खडक आणि त्याच्या पाठीवरून, कुशीतून, मध्येच छातीवर येणाऱ्या चढावरून गेलेल्या त्या रेघा. त्या बघत बघत सायकल चालवायची. हा 'स्लिकरॉक ट्रेल', साधारण 17 किलोमीटरचा फेरा. 1969 मध्ये तो आखला मोटरसायकलवाल्यांनी, कारण माउंटन बाइक दुकानात मिळायला अजून बरीच वर्षं होती. आता सगळ्या जगातून लोक इथे सायकल घेऊन येतात. त्यात नवराबायकोच्या जोड्या पुष्कळ, आणि आमचीही त्यातलीच एक.

पहिला खरा चढ समोर आला की मन म्हणतं, चाक घसरणार. चाक काही घसरत नाही. दम संपतो, गिअर संपतात, पण टायर खडक सोडत नाही. सुरुवातीला हे जादूसारखं वाटतं. मग खाली वाकून खडकावर तळहात फिरवला की उलगडा होतो: हा पॉलिश पेपर आहे, मैलोन् मैल पसरलेला. खडक म्हणजे वाळूचे कण, बहुतेक क्वार्ट्झचे, एकमेकांना चिकटून घट्ट झालेले. पृष्ठभागावर प्रत्येक कण थोडा डोकं वर काढून असतो. टायरमध्ये हवा कमी ठेवली की रबर त्या कणांभोवती दबतं आणि हजारो ठिकाणी पकड घेतं. नाल मारलेला घोडा मात्र याच खडकावर घसरतो, कारण लोखंड दबत नाही.

त्यामुळे इथे चढाची मर्यादा पकड ठरवत नाही, तोल ठरवतो. मागे रेललात तर पुढचं चाक उचललं जातं. फार पुढे झुकलात तर मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरतं. या दोन चुकांच्या मधे जी चिंचोळी जागा आहे तिथे छाती हँडलवर नेऊन, सीटच्या अगदी टोकाशी बसून पॅडल मारायचं. उतारावर याच्या बरोब्बर उलटं: सीट खाली घ्यायची, पॅडलवर उभं राहायचं आणि वजन मागच्या चाकाच्या दिशेने न्यायचं.

दम खायला थांबलं की खडकात दुसरीच गोष्ट दिसू लागते. त्याच्या अंगावर बारीक तिरप्या रेषा आहेत. एक जुडगा एका दिशेने उतरतो, मधेच आडवा छेद जातो आणि त्याच्या वरचा जुडगा वेगळ्याच कलाने निघतो. वाऱ्याने वाळूच्या टेकड्या पुढे ढकलल्या, एका बाजूने वाळू वर चढली आणि दुसऱ्या बाजूने ओघळली. त्या ओघळण्याचा प्रत्येक थर म्हणजे इथली एकेक तिरपी रेषा. नंतर आलेल्या टेकडीने आधीच्या टेकडीचा माथा कापून नेला, तो आडवा छेद. तुमची सायकल ज्यावरून चालली आहे ते एक अख्खं वाळवंट आहे, दगड झालेलं. वय साधारण 19 कोटी वर्षं. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसाचा झाला तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे दख्खनचा पहिला थर पसरला तेव्हासुद्धा ही वाळू जमिनीत गाडली जाऊन युगं लोटली होती.

या खडकाला भूशास्त्रज्ञ 'नवाहो वालुकाश्म' म्हणतात. तो युटापुरता नाही. ॲरिझोना, नेवाडा, वायोमिंग इथपर्यंत त्याचे भाऊबंद वेगवेगळ्या नावांनी पसरले आहेत. झायन नॅशनल पार्कमधले प्रचंड कडे याचेच, आणि तिथे त्याची जाडी 600 मीटरच्या वर आहे. पृथ्वीवर होऊन गेलेल्या सर्वांत मोठ्या वाळवंटांपैकी हे एक. तिरप्या रेषांचा कल मोजून तेव्हा वारा कुठल्या बाजूने वाहायचा तेही सांगता येतं: उत्तरेकडून दक्षिणेकडे.

पण एवढी वाळू आली कुठून? वाळू म्हणजे कुठला तरी झिजलेला डोंगर, आणि इतकी वाळू पुरवेल असा डोंगर जवळपास हवा. सगळ्यांची पहिली नजर रॉकी पर्वताकडे जाते, पण आजचे रॉकी तेव्हा उभे राहायचे होते. उत्तर सापडलं ते झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांत. झिरकॉन फार चिवट असतो. डोंगर झिजतो, नदी वाहून नेते, वारा उडवतो, तरी हा कण टिकून राहतो. तयार होताना तो आपल्या पोटात थोडं युरेनियम घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की कणाचं वय कळतं. ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम डिकिन्सन आणि जॉर्ज गेरल्स यांनी या वाळवंटी खडकांतले असे कण तपासून 2003 मध्ये निष्कर्ष मांडला. जवळपास निम्म्या कणांची वयं जुळली ती ॲपलेशियन पर्वताशी. म्हणजे खंडाच्या पार पूर्व टोकाशी!

एक महानदी तेव्हा पूर्वेच्या डोंगरांतून निघून जवळजवळ अख्खा खंड ओलांडत पश्चिमेला येत असली पाहिजे. तिने वाळू उत्तरेकडे आणून टाकली आणि तिथून वाऱ्याने ती दक्षिणेला, आजच्या युटाकडे हाकलली. ती नदी आज नाही, तिचं पात्रही नाही. तिने वाहिलेलं ओझं तेवढं उरलंय, आणि तेही आमच्या टायरखाली.

युरेनियमचं या प्रदेशाशी दुसरंही नातं आहे, आणि ते तितकंसं निरागस नाही. दुसरं महायुद्ध संपलं आणि अणुबाँबसाठी अमेरिकेला देशातलंच युरेनियम हवं झालं. 1952 मध्ये चार्ल्स स्टीन या कफल्लक भूशास्त्रज्ञाला मोॲबच्या दक्षिणेला मोठा साठा लागला आणि गावात झुंबड उडाली. खनिज शोधणाऱ्यांना कड्यांमध्ये शिरता यावं म्हणून सरकारच्या अणुऊर्जा आयोगाने कॅन्यनच्या कडेकडेने रस्ते खोदायला मदत केली. असाच एक रस्ता म्हणजे 'व्हाइट रिम'. त्यावर युरेनियम फारसं निघालंच नाही. 1964 मध्ये तो भाग कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमध्ये आला आणि बाँबच्या हव्यासापायी खोदलेला रस्ता सायकलवाल्यांना आयता मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरेनियमचा धंदा बसला, माणसं गाव सोडू लागली. त्याच सुमारास, 1983 मध्ये, दोघा भावांनी मोॲबमध्ये सायकलचं दुकान काढलं. पुढे सगळ्या जगातून सायकलवाले इथे येऊ लागले. धंद्याचं खरकटं मात्र मागे राहिलं: गावाच्या उशाशी कोलोरॅडो नदीच्या काठावर 1.6 कोटी टन किरणोत्सारी गाळाचा ढीग. 2009 मध्ये तो आगगाडीने दूर नेऊन पुरण्याचं काम सुरू झालं.

व्हाइट रिमचा फेरा साधारण 160 किलोमीटरचा. सायकलवर तीन-चार दिवस. सुरुवातीलाच 'शेफर ट्रेल'च्या वळणांनी साडेतीनशे-चारशे मीटर खाली उतरावं लागतं. आधी गुरं न्यायची वाट होती, पुढे खनिजाच्या ट्रकांसाठी रुंद केली. वळणागणिक खडकाचा रंग बदलतो, कारण प्रत्येक थर आधीच्याहून जुना. ब्रेक दाबत दाबत तासाभरात तुम्ही आठेक कोटी वर्षं मागे जाता आणि पोचता एका पांढऱ्या कठीण वालुकाश्माच्या सज्जावर. हा साधारण 27 कोटी वर्षांचा. त्याच्याखाली ठिसूळ तांबडा थर आहे. तो झिजून आत जातो आणि वरचा पांढरा कडा छपरासारखा पुढे येऊन शेवटी तुटून पडतो. कुठे कुठे पांढऱ्या दगडाची टोपी घातलेले तांबडे सुळके सुटे उभे राहिलेत. रस्ता त्या सज्जाच्या काठाकाठाने जातो, आणि आणखी तीनेकशे मीटर खाली कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्या वाहतात. खाली एवढं पाणी दिसतं आणि वाटेवर थेंब मिळत नाही.

म्हणून इथे दोघांच्या सहलीत एक गमतीदार पेच येतो. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी लागतं. त्यात तंबू आणि खाणं धरलं की ते सायकलवर बांधणं जवळजवळ अशक्य. बरोबर फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लागते आणि ती कुणीतरी चालवावी लागते. मोठ्या टोळक्याला याचं काही वाटत नाही. दोघंच असाल तर एक जण सायकलवर, दुसरा गाडीत, आणि दुपारी अदलाबदल. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेली जोडपी दिवसभर एकमेकांपासून दोन-चार किलोमीटर अंतरावर असतात! आमच्यात मर्फी हॉगबॅकचा चढ कुणी सायकलवर घ्यायचा यावर वाटाघाटी आदल्या रात्रीच सुरू झाल्या. तो चढ नवऱ्याने घेतला आणि अर्ध्याहून जास्त सायकल ढकलत नेली, एवढं इथे नोंदवून ठेवते. मला गाडीतून दिसत होतं.

रस्त्याच्या कडेला, झुडपांच्या मधल्या जागेत, माती काळपट आणि खडबडीत दिसते. जळल्यासारखी. सुंदर वगैरे मुळीच नाही. पण या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त थक्क केलं ते या मातीने, कड्यांनी नाही. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरियाचे धागे, दगडफूल, शेवाळ यांनी मिळून विणलेलं ते कवच आहे. पाऊस पडला की सायनोबॅक्टेरिया ओल्या मातीतून सरकतात आणि मागे चिकट आवरणं सोडतात. माती वाळली तरी ती आवरणं वाळूच्या कणांना धरून ठेवतात. हेच कवच हवेतला नायट्रोजन मातीत आणतं, पाणी धरतं, बीला आधार देतं. यावर एक पाऊल किंवा एका चाकाची रेघ पडली तर ते मोडतं आणि पूर्ववत व्हायला वर्षं, कित्येकदा दशकं लागतात. मोॲबमध्येच राहून संशोधन करणाऱ्या जेन बेलनॅप यांनी आयुष्याचा मोठा भाग या कवचाच्या अभ्यासाला दिला.

कवच मोडलं की खालची माती सुटी होते आणि वारा ती उचलतो. ती धूळ पूर्वेला रॉकी पर्वताच्या बर्फावर जाऊन पडते. शुभ्र बर्फ ऊन परतवतं, मळलेलं बर्फ ते पितं. कोलोरॅडोतल्या सॅन वॉन पर्वतात केलेल्या मोजणीत धुळीमुळे बर्फ 18 ते 35 दिवस आधी वितळल्याचं 2007 मध्ये मांडलं गेलं. बर्फ लवकर गेलं की उघडी पडलेली जमीन आणि झाडंझुडपं लवकर पाणी प्यायला लागतात आणि कोलोरॅडो नदीत तेवढं कमी उतरतं. 2010 च्या एका अभ्यासाने ही तूट वर्षाला सुमारे 5 टक्के धरली. या नदीवर सुमारे 4 कोटी माणसं अवलंबून आहेत. धुळीचा मोठा वाटा एकोणिसाव्या शतकापासून सोडलेल्या गुरांचा आणि पुढे नांगर, गाड्या यांचा. सायकलवाल्यांचा त्यात थोडाच. पण थोडा आहे, आणि तो टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे.

तेव्हा जायचं ठरवलंत तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस निवडा. उन्हाळ्यात खडक तापतो आणि थंडीत वळणांवर बर्फ असतं. व्हाइट रिमचा परवाना काही महिने आधी काढा, एका दिवसासाठी जाणार असाल तरीही तो लागतो. पाणी लागेलसं वाटतं त्याहून जास्त घ्या. टायरमधली हवा थोडी कमी करा. आणि फोटोसाठी, विश्रांतीसाठी, समोरून गाडी आली म्हणून, कशासाठीही बाजूला व्हायचं झालं, तर उघड्या खडकावर किंवा वाहत्या पाण्याने धुतलेल्या वाळूवर व्हा. त्या काळ्या खडबडीत मातीवर चाकही नेऊ नका आणि पायही ठेवू नका.