काटा : निसर्गाचे संरक्षक शस्त्र

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, माले परिसरातील डोंगरउतारांवर करवंदीच्या जाळ्या जागोजागी आढळतात. वनस्पतीला शत्रूपासून पळता येत नाही. काटा हेच तिचे शस्त्र. मात्र सर्व काटे एकाच जातीचे नसतात. करवंदीचा काटा हे फांदीचे रूपांतर होय. बाभळीचा काटा उपपर्णापासून, तर फड्या निवडुंगाचा पानापासून बनतो. काटेसावरीचे काटे ही केवळ सालीवरील वाढ असून, झाड कोवळे व गुरांच्या तोंडी लागण्याजोगे असते तेव्हा ते दाट असतात.

प्राण्यांमध्ये हेच तंत्र साळिंदराने अंगीकारले आहे. त्याचे काटे म्हणजे कठीण झालेले केसच. साळिंदर काटे फेकून मारतो, हा समज निराधार आहे. संकटसमयी तो काटे फुलवितो, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवून इशारा देतो आणि तरीही शत्रू न हटल्यास उलट्या पावली त्याच्यावर धडकतो. अंगात रुतलेल्या काट्यांनी बिबट्याही जायबंदी होतो.

करवंदीच्या जाळीत गुरांचे तोंड शिरत नाही; म्हणून तिच्या आश्रयाने इतर वृक्षांची रोपे तग धरतात. जाळी तोडली वा जाळली, की हे छत्र हरपते. साळिंदर कंदपिकांची नासधूस करतो, हे खरे. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले आहे. म्हणून फासे न लावता वनखात्याला कळविणे इष्ट. बांधावरील करवंदीचे जिवंत कुंपण राखणे, हे तर प्रत्येक ग्रामपंचायतीला सहज साधण्यासारखे आहे.