गुंता सोडवणारे जनुक

डीएनएतील मजकुराची आरएनए ही नक्कल तयार होते आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन घडवतो, इथपर्यंत आपले विद्यार्थी सांगतात. एक अडचण मात्र बहुधा सांगायची राहते. आरएनए हा एकेरी धागा. सुतासारखा तो स्वतःभोवतीच वळतो, त्याची अक्षरे आपापसांत जुळतात आणि गाठी पडतात. गाठीतली ओळ रायबोसोमला वाचता येत नाही.

या गाठी सोडवणाऱ्या प्रथिनांना हेलिकेज म्हणतात. मला 'पीळउकल' म्हणावेसे वाटते. पण प्रयोगशाळेत हेलिकेजच चालणार, आणि ते चालू द्यावे.

माणसातील डीडीएक्स३एक्स हे असेच एका हेलिकेजचे जनुक. नाव दूरध्वनी क्रमांकासारखे असले तरी त्याची व्युत्पत्ती गमतीची आहे. प्रत्येक अमिनो आम्लाला एक रोमन अक्षर दिलेले असते. या कुळातील प्रथिनांत डी, ई, ए, डी ही अक्षरे सलग येतात. इंग्रजीत वाचली तर 'डेड', म्हणजे मृत! १९८९ साली कुळाला हेच नाव मिळाले. शेवटचा एक्स हा जनुकाचा पत्ता: एक्स गुणसूत्र.

काही हेलिकेज धाग्यावरून धावत जातात, चेन उघडावी तसे. हे धावत नाही. एटीपी ही ऊर्जेची शिदोरी घेऊन ते गाठीवर बसते, एका पदराला बाक देते आणि जोडी सुटते. एटीपी फुटला की बाजूला होते.

गाठ कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. संदेशाच्या आरंभी एक प्रास्ताविक तुकडा असतो. त्यातून प्रथिन बनत नाही, पण तो ओलांडल्याशिवाय रायबोसोम मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नाही. ज्या संदेशांचे प्रास्ताविक गुंत्याचे, त्यांचेच डीडीएक्स३एक्सवाचून अडते. बाकीचे बरेचसे निभावून नेतात.

वाढत्या मेंदूत हे अडणे महाग पडते. स्त्रीच्या पेशीतील दोन एक्सपैकी एक बहुतांशी मूक असतो; हे जनुक मात्र त्या मौनातून सुटते, आणि एक प्रत बिघडली तरी उणीव भासते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मुलींमधील कारण न सापडलेल्या बौद्धिक अक्षमतेपैकी १ ते ३ टक्के प्रकरणांमागे या जनुकातील बदल असतात. उशिरा बोलणे, स्नायूंचा सैलपणा ही त्याची नेहमीची लक्षणे. शिक्षकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे: हा बदल बहुतेक वेळा त्या मुलीतच नव्याने झालेला असतो, आईवडिलांत नसतो. 'कोणाच्या घराण्यातून आले' म्हणून सुनेकडे बोट दाखवण्याला इथे आधार नाही.